राबिगाच्या बारा नळ्या

कारासाय गावाच्या आसपास मेंढपाळांचे एकोणीस हिवाळी तळ आहेत आणि त्या सगळ्यांची मिळून एकच पशुवैद्य, राबिगा. वय बावन्न, अंगाने आडवी, बोलायला तिखट. पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या गाड्यांतून फिरली. कधी सरकारी जीप, कधी गवताचा ट्रक, आणि काहीच नाही मिळालं तर घोडा. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःची नवीकोरी पांढरी गाडी घेतली, तेव्हा तिचा नवरा कादिर म्हणाला होता, "आता तरी तू जेवायला वेळेवर येशील." ती काही वेळेवर आली नाही, पण कोरडी आणि गरम येऊ लागली.

गाडीला पाच वर्षांची गॅरंटी होती. अट एकच: प्रत्येक सर्व्हिसिंग ताल्दीकोर्गानच्या कंपनीच्या शोरूममध्येच करायचं. बाहेरच्या कुणी पाना लावला की गॅरंटी संपली. शोरूम नव्वद किलोमीटरवर. राबिगा लशीच्या तारखा पाळावी तशा सर्व्हिसिंगच्या तारखा पाळायची. शोरूमवाले मात्र काहीच पाळत नसत. पहिल्या खेपेला त्यांनी इंजिनाजवळ तेलकट फडकं विसरून ठेवलं. दुसऱ्या खेपेला कागदावर एअर फिल्टर बदलल्याची खूण होती, पण घरी येऊन तिने उघडून पाहिलं तर आत तिच्याच गोठ्यातला भुसा. तिने फोन केला, तो कुणी उचलला नाही. पुढच्या वेळी तिने तोंडावर विचारलं, तर सर्व्हिस मॅनेजर कुआनिश हसला. "चुकून राहिला असेल, आपाय." आणि तिच्या हातावर कंपनीचं नाव असलेली किल्लीची साखळी ठेवली. थोरल्या बाईला मानाने 'आपाय' म्हणायचं, एवढं त्याला बरोबर येत होतं.

ऑक्टोबरात ती पुन्हा गेली. कुआनिशने गाडीभोवती एक फेरी मारली.

"कूलंट बदलायला झालंय, आपाय. थंडी तोंडावर आहे. जुनं राहिलं तर गोठेल."

"मग बदला की. विचारता काय?"

ती तीन तास काचेच्या भिंतीआड बसली. काचेतून फक्त इतरांच्या गाड्या दिसत, तिची मागच्या बाजूला होती. शेवटी तिला शिक्का मारलेला कागद मिळाला. त्यावर तेवीस कामं आणि तेवीस खुणा.

डिसेंबरच्या अकरा तारखेला मोसमातली पहिली खरी थंडी पडली, उणे सत्तावीस. त्या दिवशी सकाळी एसेन्तायच्या तळावरून निरोप आला की गाय अडली आहे. एसेन्ताय साठीतला मेंढपाळ, राबिगाचा जुना ओळखीचा. ती लगेच निघाली. वासराचं डोकं मागे वळलेलं होतं. चार तास ती गोठ्यात गुडघ्यांवर होती, पण दोन्ही जीव वाचले. एसेन्तायच्या बायकोने चहा आणि तळलेले बाउरसाक पुढे केले. राबिगाने उभ्याउभ्याच खाल्ले आणि ती निघाली. बाह्या अजून ओल्या होत्या.

गाडी इतका वेळ वाऱ्यात उभी होती. ती सुरू झाली खरी, पण हीटर गार हवा फेकू लागला. टेकडी ओलांडली तोच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफेचा लोट उठला, आतून काहीतरी तडकल्याचा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. फोनला रेंज नव्हती. मागे तळ सहा किलोमीटर, पुढे गाव चौदा.

गाडी सोडून चालायला लागलेली माणसं वसंतात, बर्फ वितळल्यावर सापडतात, हे राबिगाला ठाऊक होतं. म्हणून ती आतच बसली. पाऊण तासात ओल्या बाह्या पत्र्यासारख्या कडक झाल्या. बोटं दुखायची थांबली, तेव्हा मात्र ती घाबरली. जनावरांच्या बाबतीत दुखणं थांबणं केव्हा चांगलं आणि केव्हा वाईट, हे तिला कळत होतं. तिने हात काखेत घातले आणि तळावरच्या सगळ्या गाईंची नावं मोठ्याने म्हणत राहिली.

एसेन्तायला एक सवय होती. पाहुण्याची गाडी समोरच्या दुसऱ्या चढावर दिसेपर्यंत तो दारात उभा राही. त्या दिवशी चढावर गाडी दिसेना. त्याने थोडी वाट पाहिली आणि घोड्यावर खोगीर टाकलं.

"काय गं राबिगा," त्याने काचेवर चाबूक वाजवला, "गाडीला पण वेणा लागल्या का?"

तिला हसायचं होतं, पण जबडा हलेना. त्याने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट तिच्यावर टाकला आणि तिचे हात घोड्याच्या मानेखाली दाबून धरले. बोटं पुन्हा दुखायला लागली तशी ती शिव्या द्यायला लागली, आणि एसेन्तायला हायसं वाटलं.

"चल आता."

"थांब. बॉनेट उघड आधी."

रेडिएटर उभा चिरला होता. कूलंटच्या टाकीत फिकट निळा बर्फ, पातळ खिरीसारखा. राबिगाने बर्फाकडे पाहिलं. चांगलं कूलंट या थंडीत गोठत नाही. मग तिने आपली पेटी मागितली. रक्ताच्या नमुन्यांच्या रिकाम्या नळ्या त्यात नेहमीच असत. सुरीने बर्फ खरवडून तिने दोन नळ्या भरल्या, बुचं लावली, वर चिकटपट्टी गुंडाळली, क्रमांक घातले आणि नमुन्यांची वही उघडली.

"साक्षीदार म्हणून सही कर."

एसेन्ताय वाकून वाचू लागला. "जनावराच्या रकान्यात काय लिहिलंयस? 'पांढरी, वय दोन वर्षं'?"

"रकाना रिकामा ठेवत नाहीत. कर सही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या ट्रकवर गाडी चढवून ती ताल्दीकोर्गानला पोचली. शोरूम गच्च भरलं होतं. कुणाचा हीटर गार हवा देत होता, कुणाचा काटा वर जात होता. कुआनिश एकटाच दहा ठिकाणी पळत होता. त्याने राबिगाच्या गाडीत डोकावलं, टाकीत बोट घातलं आणि मान हलवली.

"यात पाणी आहे, आपाय. तुम्ही पाणी ओतलंत."

"मी?"

"उन्हाळ्यात पातळी खाली गेली असेल, ओतलं असेल. गावाकडे सगळे तेच करतात. यावर गॅरंटी लागत नाही."

"उन्हाळ्यात? अरे, तू तर ऑक्टोबरात बदललंस ना सगळं? हा बघ तुझा शिक्का."

"मग ऑक्टोबरनंतर ओतलं असेल."

"मी गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालते, पोरा. गाडीच्या पोटात कधी बोट घातलं नाही. तुमची गॅरंटी जाईल म्हणून."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. कुआनिशचे कान लाल झाले. "लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर मिळेल," असं म्हणून तो वळला.

राबिगा जागची हलली नाही. तिने भरलेल्या खोलीवर नजर फिरवली आणि कळपासमोर उभं राहून विचारावं तशा आवाजात विचारलं, "या शरदात इथे कूलंट बदलून घेतलेले कोण कोण आहेत?"

नऊ हात वर झाले.

"गाड्या अंगणात आहेत? ज्यांची गरम असेल त्यांनी झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येईल. गार झाल्या असतील त्यांच्यापासून सुरू करू."

ती सिरिंज घेऊन बाहेर पडली आणि मागोमाग माणसं. एक शिक्षक होता, एक ब्रेडची बेकरी चालवणारी बाई, एक टॅक्सीवाला. राबिगा टाकीतून कूलंट ओढायची, नळी भरायची, क्रमांक घालायची. मालकाने वहीत नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहायचा. टॅक्सीवाला म्हणाला, "डॉक्टर, ही गाभण आहे का तेवढं सांगा." ओळीने उभ्या माणसांत हशा पिकला. नऊच्या नऊ नळ्या तिने पायरीजवळच्या बर्फात रोवल्या. बाहेर उणे पंचवीस होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने एक वयस्क मेकॅनिक आला. गेनादी त्सोई, पस्तीस वर्षं पाना हातात धरलेला माणूस. त्याच्या हातात चहाचा पत्र्याचा मग होता. त्याने तो राबिगापुढे धरला.

"हे पण घ्या. वर्कशॉपच्या पिंपातलं आहे. सगळ्या गाड्यांत यातलंच जातं."

"त्सोई!" दारातून कुआनिश ओरडला.

त्सोईने वळूनही पाहिलं नाही. "पिंपात पाणी घालू नका, असं सप्टेंबरात सांगितलं होतं मी यांना," तो राबिगाला हळूच म्हणाला. "नंतर गप्प बसलो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत."

आदल्या दिवशीच्या दोन धरून ती बारावी नळी. अर्ध्या तासाने राबिगाने एकेक उलटी केली. दोन नळ्यांत कूलंट खाली वाहिलं. त्या दोघांनी पुढे बाहेरून बदलून घेतलं होतं, तसं ते कबूल झाले. बाकी सात आणि पिंपाची आठवी, उलटी केली तरी थेंब पडेना. आत दाणेदार बर्फ घट्ट बसला होता. कुणी हसलं नाही. बेकरीवाली बाई म्हणाली, "मी रोज पहाटे नातवाला घेऊन निघते यात."

दहा मिनिटांत राबिगाला वर बोलावणं आलं. संचालक मेइराम, ज्याला सगळे मानाने 'अगाय' म्हणत, गोरागोमटा, सभ्य माणूस. त्याने स्वतः तिच्यासाठी दुधाचा चहा ओतला.

"आपाय, तुमच्यावर अन्याय झालाय, मला मान्य आहे. तुमचं इंजिन नवं बसवून देतो, आठ दिवसांत. कागद आत्ता करू." मग तो थांबला. "फक्त त्या नळ्या आणि ती वही इथे राहू दे. बाकीच्यांना आम्ही आमच्या पद्धतीने बोलावून घेऊ. उगाच बोभाटा कशाला?"

राबिगाने चहाचा पेला हातात धरून ठेवला. जानेवारीत एकोणीस तळांवरचं लसीकरण होतं. गाडीशिवाय ते कसं करायचं, याचा हिशेब तिच्या डोक्यात रात्रभर चालला होता. आठ दिवस. एक वही.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या चुलतभावाच्या कळपातला एक नमुना बाधित निघाला होता. सांसर्गिक रोग, दूध प्यायलेल्या माणसालाही होणारा. आख्खा कळप मारावा लागला असता. भाऊ रडला, म्हणाला, एकच नळी तर आहे, फुटली म्हण. तिने ती फुटू दिली. उन्हाळ्यात त्याची सून तापाने पडली. आज चाळिशीतली ती बाई भिंत धरून चालते. राबिगाला कुणी कधी दोष दिला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. प्रत्येक लग्नाकार्यात ती सून तिला खुर्ची सरकवून देते आणि 'बसा, आपाय' म्हणते.

तिने पेला खाली ठेवला.

"इंजिन नको म्हणत नाही मी. तुमच्यामुळे गेलंय, ते तुम्ही द्यायचंच आहे. नळ्या मात्र माझ्याबरोबर जाणार."

"मग आठ दिवसांचं आश्वासन मला देता येणार नाही."

"नका देऊ."

खाली उतरून तिने वहीत नावं असलेल्यांना गोठलेल्या नळ्यांचे क्रमांक वाचून दाखवले आणि ज्यांची गाडी धोक्यात होती त्यांना ती तिथेच सोडून बसने घरी जायला सांगितलं. ग्राहकांच्या तक्रारींच्या सरकारी कचेरीत तिला तीन खिडक्या फिरवलं. चौथ्या खिडकीतल्या बाईने नळ्या हातात घेऊन विचारलं, "हे रक्त आहे का?" पण अर्ज घेतला. बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस अल्माटीहून आला. तोपर्यंत नऊ जणांबाहेरच्या आणखी दोन गाड्या रस्त्यावर बंद पडल्या होत्या. माणसं वाचली, एकाच्या पायाची दोन बोटं गेली. मग शोरूमने सगळ्यांना फोन केले आणि पिंप ओतून दिलं. पिंपात पाणी कुणाच्या सांगण्यावरून पडत होतं, कुआनिशच्या की वरच्यांच्या, ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. कुआनिशला काढलं. मेइराम अगाय आपल्या खुर्चीतच राहिला.

राबिगाचं इंजिन फेब्रुवारी संपता संपता बसलं. जानेवारीचं लसीकरण तिने घोड्यावर, ट्रकांतून आणि एकदा एसेन्तायच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून केलं. चार तळ राहिलेच. तिथल्या एका तळावर मेंढ्या आजारी पडल्या, अकरा मेल्या. त्या मेंढपाळाने तिला चहाही विचारला नाही. ती बाकीच्या मेंढ्यांना सुया टोचून आली.

एप्रिलात पुढचं सर्व्हिसिंग आलं. शोरूममध्ये नवा मॅनेजर होता, तरणाबांड आणि अदबशीर. राबिगा म्हणाली, "मी गाडीजवळ उभी राहून बघणार."

"ग्राहकांना आत परवानगी नाही, आपाय. सुरक्षिततेचा नियम आहे."

"बरं," ती म्हणाली, किल्ली परत घेतली आणि तशीच त्सोईच्या गावाच्या, उश्तोबेच्या रस्त्याला लागली. त्सोईने मार्चमध्ये काम सोडलं होतं. निवृत्तीची वाट न बघता घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं दुकान टाकलं होतं. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, तिला ओळखलं.

"मी हात लावला तर गॅरंटी जाईल, माहीत आहे ना?"

"जाऊ दे."

त्सोईने बॉनेट उघडलं आणि आत वाकून तो एकेक पाइप बोटांनी चाचपू लागला. मग न वळताच म्हणाला, "जरा बाजूला उभ्या राहा, आपाय. उजेड अडतोय."