उकिडवं बसण्याची अट

मियाओ गुइलान चौऱ्याहत्तरीची, आणि तिच्या गल्लीत सगळ्यांना मिळून एकच संडास. तिथे उकिडवं बसावं लागे. या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली, कंबर आखडली, आणि एके सकाळी खाली बसली ती उठेचना. शेजारणीला हाका मारून उठायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं!

तिचा मुलगा हायशंग बीजिंगच्या पार दुसऱ्या टोकाला, सतराव्या मजल्यावर राहायचा.

"आई, माझ्याकडे कमोड आहे, लिफ्ट आहे. चल आता."

"आणि दिवसभर लिफ्टशी गप्पा मारू? छिंगमिंगच्या सणाला तुझ्या बाबांचं थडगं झाडायला जाऊ ना, तिथे कशालाही हात न लावता उकिडवी बसून उठून दाखवते. नाही जमलं तर उचल माझी ट्रंक."

अट तिनेच घातली आणि घातल्या घातल्या पस्तावली. हातात जेमतेम सहा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती बागेत हजर. रेल्वेतून निवृत्त झालेले ऐंशीचे तंग मास्तर तिथे आठ हालचालींचा जुना व्यायाम घेत. नवखा माणूस सगळ्यात मागे, हा त्यांचा नियम. पहिल्या हालचालीत दोन्ही तळवे आभाळाकडे न्यायचे, ते तिला जमलं. सहावीत वाकून पावलं धरायची होती. तिचे हात गुडघ्यांशीच अडले.

"ओढू नका, ताई," मास्तर म्हणाले. "शरीर म्हणजे काय अडलेलं गाढव आहे? श्वास सोडा, खाली जाईल आपणहून."

हे ऐकेल ती गुइलान कसली! घरी दार लावून तिने एका दिवसात शंभरदा हात पावलांकडे ओढले आणि तीन दिवस अंथरुणाला खिळली. चौथ्या दिवशी मुकाट्याने मागच्या रांगेत उभी राहिली आणि श्वास सोडायला शिकली.

मग ती एकही दिवस चुकली नाही. व्यायाम झाला की बागेच्या कठड्यावर टाच ठेवून उभी राही. संडासात भिंतीवरचा पाइप आधी मुठीत धरायची, मग दोन बोटांनी, मग एका.

छिंगमिंगला मायलेक टेकडीवर गेले. हायशंगने गवत उपटलं. गुइलानने नवऱ्याला आवडणाऱ्या तिळाच्या भाकऱ्या हातात घेतल्या आणि सावकाश उकिडवी बसली. भाकऱ्या मांडल्या, थडग्याच्या दगडावरची धूळ पुसली. उठताना मांड्या थरथरल्या आणि हात गेलाच दगडावर.

"आई, हात लावलास," हायशंग हळूच म्हणाला.

"तुझ्या बाबांचा हात धरला. चाळीस वर्षं धरला, आज का नको?"

हायशंगचे डोळे भरून आले. "बरं, नाही मोजत. राहा तू गल्लीत."

"दया नको मला! अट म्हणजे अट."

ती दगडापासून दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा बसली. खालीच बराच वेळ थांबली. हायशंगचा हात पुढे आला, तसं तिने नुसतं डोळे वटारून त्याला मागे सारलं. मग तिने श्वास सोडला, टाचा रोवल्या आणि उठू लागली. गुडघे करकरले. अर्ध्यावर ती डुलली, पण उठली. पूर्ण उठली आणि दोन्ही तळवे आभाळाकडे नेऊन उभी राहिली.

हायशंगने नाक पुसलं. तिच्या शेजारी आपणही उकिडवं बसून बघावं म्हणून तो वाकला आणि कंबर धरून निम्म्यातच थांबला.

"बागेत किती वाजता जातेस गं?"

"सहाला. पण तू माझ्या मागे उभं राहायचंस. नवखा आहेस."