ससाण्याच्या परीक्षेला बसलेली घार

मित्रांनो, मी एक म्हातारी घार आहे. पक्ष्यांच्या दवाखान्यामागे जो मोठा पिंजरा आहे, त्यात राहते. आकाश मला जाळीतून दिसते आणि रोज त्याची ओढ लागते.

विजेच्या तारेला आपटून माझा पंख मोडला, म्हणून मला इथे आणले. डॉक्टरीणबाईंनी तो फार मायेने जुळवला. शेजारी एक ससाणा होता. गालांवर मिशांसारखे काळे पट्टे असलेला, टोकदार पंखांचा, नाकावर माशी बसू न देणारा. तो उडते पाखरू हवेतच टिपणारा. मी दुभंगलेल्या शेपटीने वळणे घेत तासन्‌तास तरंगणारी आणि खाली पडलेले उचलणारी. त्याला माझे खाणे कमीपणाचे वाटे, मला त्याच्या घाईचे हसू येई.

बरे झालेल्या शिकारी पक्ष्यांना सोडण्याआधी एक परीक्षा असे. बाई दोरीला मांसाचा तुकडा बांधून गरगर फिरवत. हवेत पकडला तर सुटका. ससाण्याने पहिल्याच झेपेत पकडला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मी मात्र दांडीवर बसून वाट पाही. बाईंचा हात दुखून तुकडा जमिनीवर पडला, की अलगद उतरून उचली. दर महिन्याला बाई वहीत लिहीत, 'शिकार जमत नाही. सोडली तर उपाशी मरेल.' अशी तीन वर्षे गेली.

शेवटी पिंजरा झाडणाऱ्या मावशींना राहवले नाही.

"बाई, एक बोलू का? ही घार आहे हो. आमच्या गच्चीवरच्या घारी कचरापेटीपाशी काय पडलंय ते बघतात आणि उचलतात. ही इतके दिवस तेच करतेय की."

बाईंनी वहीची जुनी पाने चाळली. मग म्हणाल्या, "मावशी, मी हिला ससाण्याच्या मापानं मोजत बसले."

दुसऱ्या दिवशी दार उघडले. मी उडाले, पण कुंपणापर्यंतच पोचले. बसून बसून पंखांतला जोर गेला होता. मला उचलून परत आणताना बाई रडत होत्या. त्यांच्यावर मला रागावता आले नाही.

वर घारी घिरट्या घालतात, हाका मारतात. मी ओ देते. मला अजूनही जायचे आहे, मित्रांनो.

जखमी पाखरू सापडले तर त्याला जरूर दवाखान्यात न्या. फक्त ते कोण आहे, त्याला काय येते, हे ओळखा. आणि जरा लवकर ओळखा.