कुरबानचं पाणी

गावच्या झऱ्याचं पाणी बाटल्यांच्या कंपनीला पस्तीस वर्षांसाठी द्यायचं का, यावर त्या रविवारी मतदान होतं. निम्म्या गावाने मत दिलं नाही तर मतदान रद्द, आणि नगरपालिका करारावर सही करायला मोकळी.

‘नको’ म्हणणारेच जास्त आहेत, हे कंपनीला माहीत होतं. म्हणून तिने कुणाला मत विचारलंच नाही. संत एलियाच्या सणाचं कुरबान, म्हणजे मेंढ्याच्या रश्श्याचं गावजेवण, या वर्षी तिने स्वतःच्या खर्चाने डोंगरावरच्या मठात ठेवलं. बस पहाटे निघणार आणि मतदान संपल्यावर परतणार.

“इतक्या लवकर कशाला?” मी सरपंचांना विचारलं.

“मेंढा शिजायला वेळ लागतो, बाई.”

कुरबानला नाही म्हणायचं नसतं. एलिया गारांचा धनी. तो रुसला तर द्राक्षं जातात. गाव गेलं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी मतदान अधिकारी म्हणून माझ्याच वर्गात मतपेटीजवळ बसले होते. दुपारपर्यंत आले ते फक्त अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मागे राहिलेले नातेवाईक. मी आशा सोडली होती.

तेवढ्यात अंगणात कंपनीने भाड्याने घेतलेली बस थांबली. माझा धाकटा भाऊ स्पास ती चालवतो. मागून कॅन घेतलेल्या बायका उतरल्या, पुढे दरवर्षी कुरबान शिजवणारी गिनाआजी.

“काय रे, झालं काय?”

“विचारू नकोस, ताई. कंपनीच्या साहेबाने रश्श्यासाठी बाटल्यांचे खोके आणले. आजीने कढईखालची लाकडंच ओढून काढली.”

“मग काय करू?” आजी म्हणाली. “कुरबान आपल्या झऱ्याच्या पाण्यात शिजतं. विकतच्या पाण्यात शिजवायला तो काय खानावळीतला रस्सा आहे?”

“मला एकट्यालाच पाठवत होते,” स्पास म्हणाला.

“हो, आणि तुझी कंबर?” आजी म्हणाली. “परवा बटाट्याचं पोतं उचलताना आईला हाका मारत होतास!”

झरा शाळेच्या भिंतीलगतच. उन्हाळ्यात त्याची धार करंगळीएवढी. कॅनची रांग लागली.

“कॅन ठेवा गं, तो काही पळत नाही,” आजी ओरडली. “तोवर आत जाऊन या.”

बायका एकेक करून आत आल्या, ओळखपत्र दाखवून मत देऊन गेल्या. स्पासचा फोन सारखा वाजत होता.

“भरतंय, साहेब. धार बारीक आहे... तेच तर, साहेब, तुम्हीच मोजली होती ना?”

बस निघताना आजीने बजावलं, “एवढ्याने एकच कढई होईल. पुढच्या खेपेला गड्यांना पाठव. आम्हीच किती वाहायचं?”

गडी आले. उपाशी होते, त्यामुळे भांडत आले. पण रांग लावून आले.

मतदान निम्म्याच्या जेमतेम वर गेलं. ‘नको’ जिंकलं. नगरपालिकेने निकाल नोंदवून घेतला. कंपनीचे वकील अजून येत-जात असतात. स्पासला कंपनीने पुन्हा काम दिलं नाही. तो आता द्राक्षं वाहतो.

जे कुरबानला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी रश्श्याचं भांडं पोचवायची रीत आहे. माझं आजीने शाळेत आणून दिलं. मीठ जरा जास्त पडलं होतं.