अठरा सह्या

"मावशी, घागर उचला. हा टँकर नाही," केशवने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही कोणी घागर उचलली नाही.

पाचोडच्या बाजारतळाला लागून असलेली ही जागा सरपंचांनीच दाखवली होती. सावली होती, गाडी वळवायला ऐसपैस जागा होती. रोजचा पाण्याचा टँकर नेमका इथेच येतो, एवढंच सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, त्यात टँकर दोन दिवस आलेला नाही, आणि अशात पांढरीशुभ्र लांबलचक सरकारी गाडी बरोब्बर त्या जागी येऊन उभी राहिलेली. लोकांनी दुसरं काय समजायचं? केशवने आतलं प्रदर्शन मांडून होईपर्यंत बाहेर घागरी, हंडे, तेलाचे डबे आणि प्लास्टिकचे ड्रम यांची रांग पार चावडीपर्यंत गेली होती. गाडीच्या अंगावर 'अणुऊर्जा' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलंही. पण सरकारी गाडीवर काय लिहिलंय यावर विसंबून नंबर सोडण्याइतके ते दूधखुळे नव्हते.

रांगेत पहिल्या होत्या द्वारकाबाई. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, आवाज मात्र अख्ख्या बाजाराला पुरेल असा.

"लिव्हलेलं ऱ्हाऊ दे बाबा. नळी कुठंय तुझी?"

"मावशी, नळी नाही. वीज कशी तयार होते ते दाखवायला आलोय आम्ही."

"वीज लई हाय. विहिरीवर मोटर हाय, मोटरीला वीज हाय. विहिरीत पाणी नाय."

रांग हसली. केशवही हसला, पण हसता हसता त्याची नजर रांगेतली डोकी मोजत होती. त्याला कारण होतं.

केशव वैजापूरकर कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका अणुवीज प्रकल्पात, जनसंपर्क विभागात सहायक होता. कंपनी सरकारी, आणि सरकारी असूनही लोकांना वचकून असणारी. प्रकल्पाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांची तिने यादी केली होती आणि प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचं पत्रक काढलं होतं. मच्छीमारांना निळं, शिक्षकांना पिवळं, पत्रकारांना गुळगुळीत कागदावरचं. पाण्याच्या रांगेतल्या बाईसाठी कोणत्याच रंगाचं पत्रक नव्हतं. शिवाय एक प्रश्नवही असे. कोणीही काहीही विचारलं तरी ते शब्दशः, नाव-गावासकट, वहीत उतरवायचं आणि तीन आठवड्यांत लेखी उत्तर पाठवायचं, असा नियम होता. केशवला हा नियम मनापासून आवडायचा. त्याने स्वतः मात्र अकरा वर्षांत एकच प्रश्न कंपनीला पुन्हा पुन्हा विचारला होता, माझी बदली घराजवळ कधी होईल, आणि त्याचं लेखी उत्तर कधीच आलं नव्हतं.

घर मुकुंदवाडीत, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या तेव्हाच्या औरंगाबादेत. तिथे कालिंदी, त्याची बायको. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी हलणारी नव्हती आणि कंपनीचा प्रकल्प समुद्र सोडून यायचा नव्हता. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, त्यातली अकरा वर्षं केशव वसाहतीतल्या एका खोलीत एकटा राहत होता. संध्याकाळी समुद्रावर लोक सूर्यास्त बघायला यायचे. हा मात्र सूर्याकडे पाठ करून बसायचा, कारण घर पूर्वेला होतं.

या वर्षी पहिल्यांदा दार किलकिलं झालं होतं. मराठवाड्यात जूनमध्ये कंपनीचं कायमचं माहिती केंद्र उघडायचं घाटत होतं. विश्वजितसाहेबांनी, म्हणजे त्याच्या वरिष्ठांनी, स्पष्टच सांगितलं होतं, "दौऱ्यात तीन हजार लोकांनी प्रदर्शन बघितल्याच्या सह्या आण. केंद्र तुझ्या शहरात आणि केंद्रावर तू." सिल्लोडला कॉलेजची मुलं वर्गच्या वर्ग आली होती, तेव्हा आशा वाढली. आता पाचोड हा शेवटचा मुक्काम होता आणि दोनशे सह्या कमी पडत होत्या.

ड्रायव्हर सखाराम त्याच्या कानाशी लागला. "साहेब, देव पावला म्हना. तीनशे मानूस हुबं हाय. घ्या की सह्या. कोन इचारायलंय?"

केशवने नोंदवही उचलली. खोटं का बोला, त्याने ती उघडलीसुद्धा. तिच्या नुसत्या दर्शनाने रांगेत चैतन्य आलं. मागचे पुढे सरकले, पेनं मागितली गेली, एका म्हातारीने शाईसाठी अंगठा आधीच पुढे धरला. टँकरची खेप आली की ग्रामपंचायत अशाच वहीत सह्या घ्यायची. सही झाली की पाणी, हे गावाला पाठ होतं.

द्वारकाबाईंनी वही जवळजवळ हिसकावलीच. "आन, माजी पयली. सही येती मला. सही केली म्हंजी टँकर आजच येतोय नं?"

केशवच्या हातात पेन होतं. मान नुसती हलवली असती तरी चाललं असतं. तेवढंही नको, गप्प राहिलं असतं तरी सह्या झाल्या असत्या, आणि जूनपासून रोज संध्याकाळी तो घरी असता. कालिंदी शाळेतून येताना त्याला दिसली असती. कोपऱ्यावरून तिने भाजी घेतली असती आणि पिशवी त्याने धरली असती. इतकं साधं सुख, आणि ते समोर तीनशे हात पुढे करून उभं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "या सहीनं पाणी येत नाय."

"मंग कशानं येतं?"

"ते मला ठाव नाय. ही निस्ती आमच्या कंपनीची वही हाय. सही करून रांगेत थांबाल अन् दिवस जाईल तुमचा."

कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून गावाकडची बोली आली होती. द्वारकाबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"तुमच्या त्या कारखान्याला पाणी लागतं का?"

"लागतं. समुद्राचं."

"अन् समिंदर हितून लई लांब?"

"लई लांब, मावशी."

"मंग बाबा, तू हितं कशापायी आला?"

या प्रश्नाचं छापील उत्तर पिवळ्या पत्रकात दुसऱ्या पानावर होतं. केशवला ते तोंडपाठ होतं.

"घराकडं यायला मिळतं म्हणून," तो म्हणाला. "बायको मुकुंदवाडीला असती माजी."

द्वारकाबाईंनी आपली घागर उचलली आणि मागे वळून रांगेला ओरडून सांगितलं, "चला गं! मानूस खरा हाय, पर पाणी नाय त्याच्याकं." रांग कुरकुरत मोडली. सखारामने कपाळावर हात मारला. केशवने त्याला गाडी पन्नास पावलं पुढे, उन्हात घ्यायला लावली, म्हणजे टँकर आलाच तर त्याची जागा मोकळी असावी.

तापलेल्या गाडीत दिवसभरात अठरा माणसं आली. दोन मास्तर, बैल न विकला गेलेला एक शेतकरी, बाकीचे बाजारकरू. केशवने प्रत्येकाला सगळं नीट समजावून सांगितलं. चार वाजता त्याने प्रश्नवही काढली आणि नियमाप्रमाणे द्वारकाबाईंचा प्रश्न शब्दशः उतरवला, 'तू हितं कशापायी आला?', आणि पानाचा फोटो साहेबांना पाठवला.

परतताना आडूळजवळ विश्वजितसाहेबांचा फोन आला. आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

"केशव, अठरा? शून्य विसरलास का एखादं?"

"नाही साहेब. अठराच."

"अरे, मी तुझ्यासाठी भांडत होतो वर! आता केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, कळतंय का तुला? आणि तो प्रश्न कसला लिहिलायस? याचं लेखी उत्तर कोण देणार?"

"नियम आहे साहेब."

फोन बंद झाला. शहर जवळ येत होतं. काही वर्षांपूर्वी जिथे ज्वारीची रानं होती तिथे आता सात-सात मजले उभे होते आणि फलकांवर चोवीस तास पाण्याची हमी होती. एरवी प्रत्येक नवी इमारत दिसली की केशव मनातल्या मनात तिच्यात एक दोन खोल्यांचं घर मांडायचा. आज त्याने डोळे मिटून घेतले.

मुकुंदवाडीत पोहोचला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आठवड्यातून एकदा येणारं, तेही तासभर. कालिंदी पदर खोचून, एका हातात पाइप धरून उभी होती. "आलात? तिथंच थांबा, घसराल," एवढंच ती म्हणाली. तो मदतीला धावला तर प्रत्येक वेळी तिच्या वाटेत आला. पाइप कुठल्या खिळ्याला अडकवायचा, आधी काय भरायचं, मोटर कधी बंद करायची, काहीच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी तो उंबऱ्यावर बसला आणि बसल्या बसल्या त्याने सगळं सांगून टाकलं. रांग, वही, द्वारकाबाई, साहेबांचा फोन.

"घ्यायला हव्या होत्या का गं सह्या?"

कालिंदीने पाइप दुसऱ्या हातात घेतला. ती रडली नाही.

"ती बाई दिवसभर थांबली असती," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथं येऊन रोज मला ते सांगत बसला असता."

"एकच पिंप भरतेस?" मोरीकडे बघत त्याने विचारलं. दुसरं पिंप भिंतीशी उपडं होतं.

"अकरा वर्षं दोन भरत होते. कधी अचानक आलात तर असावं म्हणून. तुम्ही यायचा नाहीत, मग आठवड्यानं ते शिळं पाणी झाडांना घालायचे. या वर्षी बंद केलं. जिवावर यायला लागलं हो."

सकाळी सहाला गाडी किनाऱ्याकडे निघणार होती, हे केशवला माहीत होतं आणि तिलाही. नळाची धार बारीक व्हायला लागली होती. कालिंदीने उपडं पिंप सरळ केलं, आतून हात फिरवून विसळलं आणि पाइप त्यात सोडला.

"अगं, मी सकाळी जाणार ना," तो म्हणाला.

"माहिती आहे," ती म्हणाली, आणि पिंप भरेपर्यंत तिने पाइप काढला नाही.