सेरो इसापीचा ढेकण्या

खाणीविरुद्धच्या खटल्याची सुनावणी उद्यावर आली होती आणि कीटकतज्ज्ञ नेलिदा आयाला ही संग्रहालयात बसून ढेकण्यांच्या नोंदी संगणकात भरत होती. बिया शोषणारा हा लाल किडा फक्त सेरो इसापी टेकडीवर सापडतो, असं इथल्याच किड्यांच्या आधारे तिनेच कोर्टाला शपथेवर लिहून दिलं होतं. टेकडी फोडली की खालच्या गावाचा झरा आटणार. पण झऱ्यासाठी खाण कुणी थांबवली नसती. दुर्मीळ किड्यासाठी थांबली होती. कायद्याची अक्कल ती एवढीच!

एका किड्याच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवरची, तो टेकडीवर पकडल्याची तारीख वाचून तिचा हात थांबला. तारीख तिच्या लग्नाची होती. त्या दिवशी हा किडा पकडणारे तिचे जुने मास्तर टेकडीपासून कोसो दूर असुन्सिओनच्या चर्चमध्ये तिचे धर्मपिता म्हणून उभे होते, आणि रात्रभर नाचले होते.

ती तडक त्यांच्याकडे गेली. म्हातारे मास्तर अंगणात तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार चहा, नळीने ओढत बसले होते.

"मास्तर, माझ्या लग्नादिवशी तुम्ही टेकडीवर कसे?"

"नव्हतोच. अगं, दौऱ्याच्या चिठ्ठ्या मी तारीख-ठिकाणासकट आधीच छापून घ्यायचो. तुझं लग्न निघालं, दौरा बुडाला. गठ्ठाभर चिठ्ठ्या काय चुलीत घालू?"

"म्हणून भलत्याच किड्यांना लावल्या?"

"कागद तरी वाया गेला नाही. रागावू नकोस, पोरी. घे, तेरेरे घे."

चिठ्ठीवर ठिकाण नसेल तर किडा म्हणजे केर, हे नेलिदाला याच माणसाने शिकवलं होतं.

"मग किडे कुठले?"

"आता काय आठवतंय?"

"नंतर तरी गेला होतात ना टेकडीवर?"

मास्तरांनी तोंडातली नळी काढली. "एकदाही नाही."

"आग लागो तुमच्या काटकसरीला!" ती ओरडली आणि निघाली.

संग्रहालयात जुनी चिठ्ठी काढून टाकत नाहीत, तिच्याखाली नवी टोचतात. परतल्यावर तिने 'ठिकाण अज्ञात' असं लिहून एकेका टाचणीत नवी चिठ्ठी टोचली. तेवढ्यात टेकडीखालच्या गावच्या पुढारीणबाईंचा, एमेरेन्सियानाचा फोन आला.

"बाई, उद्या येताय ना? सगळ्यांसाठी चिपाचे पाव भाजून आणतोय आम्ही."

"येते. पण एमेरेन्सियाना, तो किडा टेकडीवरचा आहे, असं आता मला सांगता येणार नाही. उद्या तेच सांगावं लागेल."



"किड्याचं जाऊ दे," एमेरेन्सियाना म्हणाली. "झरा तर तिथलाच आहे ना? त्याची शपथ कुणी घेतली, बाई?"