गुडघाभर पाणी

"नाना, वहाणा हातात घ्या आणि चला. पाणी आहे कुठं? नुसती वाळू आहे," ग्रामसेवक वाल्मीक म्हणाला आणि पुढे निघून गेला.

भिवाजीने वहाणा हातात घेतल्या, पण पाऊल उचलेना. अलिबागच्या किनाऱ्यावर नुकतंच फटफटलं होतं. समोर कुलाब्याचा किल्ला बसल्या म्हशीसारखा काळा दिसत होता. रात्री तो चहूबाजूंनी पाण्यात होता. आता ओहोटीने समुद्र त्याच्याही मागे सरकला होता आणि मधल्या ओल्या वाळूवरून सहलीची माणसं रमतगमत चालली होती.

"अवं, चला की," रत्नाबाई म्हणाली. "मान्सं फुडं गेली."

"पानी कुटं गेलंय त्ये बघतोय."

"गेलंय न्हवं? मग?"

"गेलंय त्ये परत येनार हाय."

रत्नाबाईने लुगड्याचा ओचा वर खोचला आणि त्याचा हात धरला. चारचौघांत तिने असा हात धरलेला त्याला आठवत नव्हता. तो निमूट चालू लागला.

एकोणसाठ सालचा माघ होता. शेतकऱ्यांना चार मुलूख दाखवायचे म्हणून पौडच्या विकास गटाने कोकणची सहल काढली होती. कुलाबा, रेवदंडा, जंजिरा अशा जुन्या बांधकामांचा बेत होता. मुठा, कासार आंबोलीकडची दहा माणसं होती, आणि माले गावाहून भिवाजी आणि त्याची बायको रत्नाबाई असे दोघंच. भिवाजी गवंडी होता. जुनं बांधकाम गवंड्याने बघावं, असं वाल्मीकने त्याला पटवलं होतं. मधे समुद्र आहे हे मात्र सांगितलं नव्हतं.

भिवाजीला पाण्याचं भय होतं. माल्याजवळच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पाणी कुठे थांबतंय ते बघायला तो रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक धोंडा ठेवायचा. सकाळी धोंडा दिसायचा नाही. आवाज नाही, लाट नाही, गुपचूप एकेक हात करत पाणी अंगणात आलं आणि घर सोडावं लागलं. त्या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्याने शाळेच्या भिंती बांधल्या, देवळांचे चौथरे घातले, गोठे बांधले, पण विहिरीचं काम एकदाही घेतलं नाही. कुणी बोलवायला आलं की "कंबर धरलीय" म्हणायचा. खरं कारण फक्त रत्नाबाईला ठाऊक होतं.

किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर त्याला जरा बरं वाटलं. आत गणपतीचं देऊळ होतं, गोड्या पाण्याचं तळं होतं. देवळाची झाडलोट करणारी साळूबाई नावाची म्हातारी आल्यागेल्याला हळदीकुंकू देत होती. बायका तिथे टेकल्या. वाल्मीकने बजावलं, "मी शिट्टी वाजवली की लगेच निघायचं. भरतीच्या आत परत जायचंय. नऊला गाडी सुटणार."

भिवाजी तटाच्या कडेने निघाला. बघता बघता तो किल्ल्याला लागून असलेल्या सर्जेकोटापर्यंत गेला, आणि तिथल्या भिंतीपुढे थबकला. दोन दोन बैलांनाही न हलणारे चिरे एकावर एक नुसते रचलेले होते. त्याने फटीत बोटं घातली. चुना नव्हता. हात खांद्यापर्यंत आत घातला, तरी चुना नव्हता. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरावं आणि जोर मोडून परत जावं, अशी ती भिंत होती. पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. ज्याने बांधली त्याला पाण्याचं भय नव्हतं की सगळ्यांत जास्त होतं, हे त्याला ठरवता येईना. तो एकेक चिरा हाताने चाचपत राहिला. शिट्टी वाजली ती त्याला ऐकूच आली नाही.

"अवं, किती हुडकायचं तुमाला?" रत्नाबाई धापा टाकत आली. "समदी गेली. म्या वाल्मीकला म्हनलं, आनते त्यास्नी."

दोघं दरवाजाशी आली तेव्हा माणसं पलीकडच्या वाळूला लागली होती. मघाशी जिथून चालत आले तिथे आता पाणी होतं. उन्हात ते चकाकत होतं आणि गुपचूप वाढत होतं.

 भिवाजी पायरीवरच बसला.

"उठा," रत्नाबाई म्हणाली. "गुडघाभर तर हाय."

"म्या न्हाई येत."

"माझा हात धरा."

"न्हाई. तू बी जाऊ नगंस."

साळूबाई मागून आली. "जायचं तर आत्ताच जा," ती म्हणाली, "नाय तर चार वाजेपर्यंत रव्हा हितंच. चारला वाट मोकळी व्हते."

पलीकडे माणसं हात हलवत होती. रत्नाबाईने एकदा तिकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. त्याच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही हात पायरीच्या दगडाला गच्च धरलेले होते. ती त्याच्याजवळ वाकली आणि हळू म्हणाली, "तुमी बसा. गाडी निघून गेली तर परक्या मुलखात आपुन काय करनार? म्या जाऊन गाडी थांबवते. तुमी ओहटीला या सावकाश."

आणि ती पाण्यात उतरली.

पाणी आधी पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना लागलं. ती नेटाने चालत होती. अर्ध्या वाटेवर वाळूत खळगा असावा. एकदम ती कमरेपर्यंत गेली, मग छातीपर्यंत, आणि बाजूने आलेल्या लाटेने तिला आडवी केली. लुगड्याचा हिरवा रंग पाण्यावर पसरला. डोकं वर आलं, तेव्हा तोंड किल्ल्याकडे होतं.

भिवाजी उठला होता. तो शेवटच्या पायरीवर आला होता. पाणी त्याच्या अंगठ्याला लागलं, आणि तो तिथेच थिजला. पाय उचल, असं तो स्वतःला सांगत होता. पाय उचलला नाही.  तिने त्याच्याकडे बघितलं, हे त्याला त्या अंतरावरूनही कळलं. मग ती दिसेनाशी झाली.

साळूबाई तटावरून कोळ्यांना हाका मारत होती. एक होडी जवळच जाळं ओढत होती. तिच्यातल्या एकाने उडी टाकली, रत्नाबाईच्या अंबाड्याला धरलं, आणि दोघांनी मिळून तिला होडीत ओढून घेतलं. होडी किनाऱ्याकडे गेली. ती जिवंत आहे की नाही ते इथून समजत नव्हतं.

तसा तो आठ तास बसला. साळूबाईने भाकरी पुढे ठेवली, ती तशीच राहिली. "हात हलवत व्हती, म्या बघितलं," म्हातारी दोनदा सांगून गेली. त्याने मान हलवली. समोरचं पाणी आधी चढत गेलं, मग उतरत गेलं. चारला वाळू उघडी पडली तेव्हा तो उठला आणि पळत सुटला, इतका की वहाणा किल्ल्यावरच राहिल्या.

रत्नाबाई किनाऱ्यावर एका झोपडीच्या सावलीला बसली होती. अंगावर कोळणीचं लुगडं होतं, ओठ निळसर होते. तिने त्याला आपादमस्तक बघितलं.

"जेवलात का काई?" तिने विचारलं.

 गाडी थांबली होती. पुढे रेवदंड्याला पोर्तुगिजांचा सातखणी मनोरा बघितला. सगळे माना वर करून बघत होते, भिवाजी तिच्या पायांकडे बघत होता. जंजिऱ्याला माणसं शिडाच्या होडीतून गेली, तेव्हा ती दोघं धक्क्यावर बसून राहिली. परतीच्या वाटेवर बोरघाट चढताना ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. त्याला मात्र डोळे मिटता येईनात. मिटले की तो हिरवा रंग दिसायचा.

माल्यात आल्यावर चौथ्या दिवशी तो काम संपवून घरी आला, तर अंगणात पाचसहा बायका जमलेल्या. रत्नाबाई सुपात आंबेमोहर घेऊन निवडत होती आणि सहलीचं सांगत होती. तो भिंतीआड थांबला.

"...खळग्यात पाय गेला नि म्या बुडालेच. तर ह्यांनी किल्ल्यावरनं उडी टाकली. केसाला धरलं, वर काडलं, मग कोळी आले."

"आगं बया," चंद्राबाई म्हणाली. "भिवाजीभावजींनी? पान्यात?"

"व्हय. मानूस येळंला कळतो."

ती हे कितव्यांदा सांगत होती कोण जाणे. भिवाजीला वाटलं, गप राहावं. एवढं दोन दिवस ऐकून घेतलं की गाव विसरून जाईल. पण गाव विसरलं नाही, तर आयुष्यभर कुणी ना कुणी वाटेत भेटून म्हणेल, शाब्बास भिवाजी. त्याला दरदरून घाम फुटला. किल्ल्याच्या पायरीवर फुटला होता तसाच.

तो अंगणात आला. बायकांनी पदर सावरले.

"ती खोटं सांगतीय," तो म्हणाला. "म्या न्हाई काडलं. कोळ्यानं काडलं."

 रत्नाबाईचा हात सुपात थांबला.

"मग तुमी कुटं हुता?" चंद्राबाईने हळूच विचारलं.

"तितंच की, किल्ल्याच्या पायरीवर. बघत हुतो. भ्यालो हुतो."

शब्द तोंडातून गेले, आणि आता पुढे काय करायचं ते त्याला कळेना. चुन्याने पांढरे झालेले हात लोंबत राहिले. बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक जण उठायला लागली, पण रत्नाबाई म्हणाली, "बस गं, च्या टाकते." पण ती स्वतः उठली नाही. तिने सूप जरा डावीकडे सरकवलं.

भिवाजीने घागरीतल्या पाण्याने हात धुतले, धोतराला पुसले आणि त्या मोकळ्या जागेत, बायकांच्या मध्ये बसला. रत्नाबाईने न बघता ओंजळभर तांदूळ त्याच्यापुढे ताटलीत टाकला.

तो वाकून खडे वेचू लागला.