जुईलीची सोडवण

जुईलीला विकायचं ठरलं तेव्हा स्वरदाला हसू आलं होतं.

पोरगी सातव्या महिन्यातच जन्माला आलेली. दीड महिना काचेच्या पेटीत काढून घरी आली ती जेमतेम मुठीएवढी. तिच्या आधीचा मुलगा तिसऱ्या दिवशीच गेला होता. सासूबाई तुळजाबाई गावाहून, तुळजापूरकडून, खास तिला बघायला आल्या. दुपट्याचं टोक बाजूला करून त्यांनी बाळाचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला विकायला पाहिजे."

त्यांच्याकडे तशी रीतच होती. ज्या घरात लेकरू टिकत नाही, त्या घरानं ते आपलं म्हणायचंच नाही. सुपात तांदूळ पसरायचे, त्यावर बाळ ठेवायचं आणि सव्वा रुपयाला एखाद्या सवाष्णीला विकून टाकायचं. पाच वर्षं ते तिचं. आईबापांनी नुसतं सांभाळायचं. पाच पूर्ण व्हायच्या आत खण-नारळ देऊन, तिचा सव्वा रुपया तिला परत करून लेकरू सोडवून आणायचं.

"पण विकायचं ते परक्या बाईला," तुळजाबाई म्हणाल्या. "तुझ्याकडं धुण्याभांड्याला येती ना, तिला. गरीब बाई हसत घेईल, हसत परत देईल."

स्वरदा एम.एस्सी. झालेली, निषाद हिंजवडीला कंपनीत. या प्रकाराची तिला लाजच वाटली. त्यात आणि कामवालीला मूल विकायचं! उद्या ती दर सणाला साडीवर हक्क सांगत दारात उभी राहिली म्हणजे? "त्यापेक्षा मेधाताईंना विकू या ना," ती म्हणाली. "घरातल्या घरात."

मेधा ही तिची मोठी जाऊ. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही.

"मेधाला नको," तुळजाबाई एकदम म्हणाल्या. "तिचं देणं हाय आपल्यावर."

ते खरं होतं. हॉस्पिटलचं साडेतीन लाखांचं बिल निषादच्या मोठ्या भावानं, स्वानंदनं भरलं होतं. पैसे स्वानंदचे, पण स्वानंदच्या घरात पैशाबद्दल मेधाच बोलायची.

"ज्याचं देणं असतं, त्याच्याकडनं लेकरू सुटत न्हाई बाई. आधी देणं फेडायचं, मग लेकराला हात लावायचा."

"पाच वर्षं आहेत, आई. फेडूच की तोवर," स्वरदा म्हणाली आणि हसली.

मेधानं सव्वा रुपया टाकला आणि सूप मांडीवर घेतलं. बाळ स्वरदाच्या हातात परत द्यायच्या वेळी तिनं जरासा वेळच लावला. "विकत घेतलीय ना, मग नाव मी ठेवणार," ती म्हणाली. स्वरदाच्या मनात ऋजुता होतं. मेधानं जुईली ठेवलं.

बिलाच्या पैशांचा पहिला हप्ता घेऊन स्वरदा गेली तेव्हा मेधानं पाकीट उघडूनही पाहिलं नाही. "असे सुटेसुटे पैसे घेऊन मी काय करू गं? भाजी आणू? देशील तेव्हा एकरकमी दे." आणि मग गोड आवाजात, "आणि घाई कसली आहे? घरातलेच पैसे आहेत. मी कधी मागितले का?"

मागितले कधीच नाहीत. त्याऐवजी रविवार मागितले.

स्वानंदनं कोळवणला भातखाचरांच्या कडेला फार्महाऊस बांधलं होतं. दर रविवारी जुईलीला घेऊन तिथं जायचं. तिथं मेधाच्या मैत्रिणी असायच्या, स्वानंदचे क्लाएंट असायचे. जुईली मेधाच्या मांडीवर आणि स्वरदा चुलीपाशी. पिठलं-भाकरी चुलीवरचीच हवी असायची सगळ्यांना.

"स्वरदा, भाकरी फुगत का नाहीये गं? एम.एस्सी.ला नव्हती वाटतं?" मेधा मोठ्यानं विचारायची.

सगळे हसायचे. निषादही हसायचा; थोडं उशिरा, पण हसायचा.

एकदा एक पाहुणी जुईलीचा गालगुच्चा घेत म्हणाली, "किती गोड! कोणाची?"

"माझी," मेधा म्हणाली. स्वरदा भाकऱ्यांची टोपली घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे हनुवटी करून मेधा पुढे म्हणाली, "आणि ही तिला सांभाळते."

एका रविवारी स्वरदानं जायचं टाळलं. डोकं दुखतंय म्हणून फोन केला. त्याच संध्याकाळी जुईलीला ताप भरला, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. डॉक्टर म्हणाले, तापातली आकडी आहे, या वयात येते, घाबरू नका. स्वरदानं ते समजून घेतलं, पुस्तकात वाचूनही पाहिलं. मेधाचा फोन आला. "माझी वस्तू माझ्याकडे आणली नाहीस, मग असंच होणार." पुस्तक एका बाजूला आणि ते एक वाक्य दुसऱ्या बाजूला. त्यानंतर स्वरदानं एकही रविवार चुकवला नाही. रात्री-अपरात्री उठून ती पोरीच्या नाकापुढे बोट धरायची. आपण हिला विकलीय, आणि जिला विकलीय तिचंच देणं अंगावर आहे, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहायचं.

जुईली मेधाला मेधाई म्हणायला लागली. कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

पाचवं वर्ष निम्मं सरलं तेव्हा मेधानं सहज बोलल्यासारखं सांगितलं, "जूनपासून हिला आमच्याकडे कोथरूडलाच ठेवते. शाळेत नाव घातलंय, फीसुद्धा भरली. तुमच्या पिरंगुटच्या शाळेत काय आहे? शनिवार-रविवार न्या तुम्ही."

"मेधाताई, मला न विचारता..."

"विचारायचं कशाला? फेडलेस का माझे? मग सोडवलीस का तिला?"

त्या दिवशी घरी येताना स्वरदा निषादला म्हणाली, "जूनच्या आत. काय वाट्टेल ते विक."

मंदीचं वर्ष होतं. निषादच्या कंपनीत रोज कोणाचं तरी टेबल रिकामं होत होतं, पगार कापलेला. तरी त्यांनी फेडायचं मनावर घेतलं ते असं की शेजारपाजारचे बघत राहिले. गाडी विकली. भाड्याचा टू बीएचके सोडून पिरंगुटच्या आत, गोदामांच्या मागे एका खोलीत आले. स्वरदानं आईकडून आलेल्या पाटल्या आणि तन्मणी मोडला. सोनार कात्रीनं तोडत असताना ती तिथंच बसून राहिली, कण इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. सकाळी एक शिकवणी, संध्याकाळी तीन. दूध अर्ध्यावर आणलं, ते जुईलीपुरतं. निषादची दाढ दुखायची, त्याला ती म्हणाली, "जुलैत काढू." भाचीच्या लग्नाला आजारपणाचं निमित्त सांगून गेले नाहीत, कारण आहेर परवडत नव्हता. नणंद म्हणाली, पैशानं माणसं बदलतात. स्वरदानं तेही ऐकून घेतलं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती डिमांड ड्राफ्ट घेऊन कोळवणला गेली. सासूबाईंना मुद्दाम गावाहून बोलावून घेतलं होतं. पिशवीत सूप होतं, खण, नारळ, तांदूळ, आणि सव्वा रुपया.

व्हरांड्यात स्वानंद पेपर वाचत होता. ड्राफ्ट बघून तो गडबडला. "अरे, एवढी काय घाई होती, निषाद?" मग बायकोकडे बघून त्यानं पेपर पुन्हा उघडला.

मेधानं ड्राफ्ट घेतला. बारकाईनं वाचला. शाळेच्या फीचे पैसेही त्यात धरले होते. "गाडी विकलीत म्हणे," ती म्हणाली. "आणि तन्मणीसुद्धा? गळा अगदी ओका दिसतोय गं तुझा."

 स्वरदा भांडणाच्या तयारीनं आली होती. मेधा रडेल, आकांत करेल, पोरीला घट्ट धरून बसेल, शाप देईल, अशी सगळी चित्रं तिनं जीपमध्ये बसल्याबसल्या रंगवली होती आणि प्रत्येकाला उत्तर ठरवून ठेवलं होतं.

"चला आई, मांडा सूप," मेधा म्हणाली. "आज मोकळं करून टाकू सगळं."

तुळजाबाईंनी तांदूळ पसरले. जुईली आता सुपात मावत नव्हती. तिचे दोन पाय तेवढे तांदळात ठेवले. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. स्वरदानं मेधाची ओटी भरली, नारळ दिला, सव्वा रुपया तिच्या हातावर ठेवला. मेधानं तो मुठीत घेतला. "पोचला," ती म्हणाली. तुळजाबाईंनी मायलेकींवरून बोटं मोडली आणि डोळे पुसले. झालं. स्वरदाच्या छातीवरचं पाच वर्षांचं ओझं इतक्या सहज उतरलं की ती क्षणभर बावरलीच.

"मेधाई, झोपाळ्यावर जायचं?" जुईलीनं विचारलं.

मेधा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आवाज अगदी शांत. "मेधाई नाही म्हणायचं आता. काकू म्हणायचं. ऐक, तुला तुझ्या आईनं मला विकलं होतं. तू एवढीशी होतीस, तेव्हा सव्वा रुपयाला. आज तिनं पैसे दिले आणि तुला परत घेतलं. कळलं? आता तू माझी कोणी नाहीस."

जुईली हसली. तिला तो खेळ वाटला. "मग परत विकत घे ना!"

"नको. मला नकोयस."

"वैनी!" इंदूबाई न राहवून म्हणाली. ती तिथंच कोळवणात राहायची, बंगल्याची राखण आणि स्वयंपाक करायची. "लेकराला कशापायी सांगताया ह्ये? त्येला काय कळतंय?"

"तू आत जा, इंदूबाई. भांडी पडलीयेत." मेधानं जुईलीचा पाय पुढे ओढला आणि पैंजणाची कडी काढली. मग दुसऱ्या पायाची. केसांतल्या पिना काढल्या, एकेक करून, केस न ओढता, रोज काढायची तशाच. "हे सगळं माझ्या मुलीसाठी घेतलं होतं. मला मुलगी नाही. फ्रॉकही माझाच आहे. स्वरदा, दुसरा आणलायस का? नाही? बरं, तो राहू दे. दान दिला समज."

आता जुईलीचा चेहरा बदलला. तिनं मेधाच्या गळ्यात हात टाकले. मेधानं ते हात सोडवले आणि मनगटं एकत्र धरून स्वरदाच्या पुढ्यात केली, दुकानदारानं पिशवी पुढे करावी तशी. "घे. मोजून घे."

पोरगी किंचाळली. तिनं मेधाचा पदर धरला, तो मेधानं हिसकून घेतला. "मी शहाण्यासारखी वागेन मेधाई, मी झोपाळा नाही मागणार!" स्वानंद उठून आत गेला. तुळजाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मेधा, देवाला घाबर गं."

"मी काय केलं, आई? तुमचीच रीत. विकलं, घेतलं, दिलं. फुकट माया करायचं कुठं ठरलं होतं?" तिचा आवाज फक्त तिथं एकदा फाटला. मग ती आत गेली आणि जुईलीसाठी गुलाबी पडदे लावलेल्या खोलीला बाहेरून कडी घालून आली. "जीप चुकेल तुमची."

सासूबाई तिथंच राहिल्या. निषाद रडणाऱ्या पोरीला खांद्यावर टाकून फाट्यापर्यंत चालला. वडापची जीप भरायला वेळ होता. मागच्या सीटवर स्वरदा, मध्ये जुईली, पलीकडे निषाद. पोरगी हुंदके देऊन देऊन दमली होती.

"आई, मेधाई माझ्यावर का चिडली?"

निषाद स्वरदाकडे बघत होता. "सांग ना तिला काहीतरी," तो हळूच म्हणाला.

काय सांगायचं ते स्वरदाला पक्कं ठाऊक होतं. काकूचं तुझ्यावर प्रेम आहे, ती माझ्यावर चिडलीय, तुझ्यावर नाही. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं की पोरगी उद्या विचारणार, मग जाऊ या का? परवा विचारणार, काकूला फोन लावू? पुन्हा ते रविवार, पुन्हा ती चूल, पुन्हा पोरगी दुसऱ्याच्या मांडीवर. आता कोणाचं एक पैशाचं देणं नव्हतं. हे असंच राहायला हवं होतं.

"तिला तू कधीच आवडत नव्हतीस," स्वरदा म्हणाली. "नाटक करायची ती."

निषादनं मान फिरवली.  जीप सुरू झाली, खाचरं मागे पडू लागली. पौड जवळ आलं तेव्हा जुईली सरळ बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला आणि अगदी शहाण्या आवाजात बोलायला लागली, पाहुण्यांसमोर बोलतात तशी.

"आई, मी दोडक्याची भाजी खाईन."

"बरं."

"सगळी खाईन. आणि रात्री उठवणार नाही तुला. मला खोकला आला ना, तरी नाही उठवणार." मग थोडं थांबून, "तुला पैसे लागले तर बाबांची घड्याळं विक हां आधी. दोन आहेत."

तिनं स्वरदाची दोन बोटं मुठीत धरली आणि सोडली नाहीत. आजवर ही मूठ आपल्याला कधी इतकी घट्ट धरत नव्हती, हे स्वरदाच्या लगेच लक्षात आलं. ही माया नाही, भीती आहे, हेही आलं. तरी तिनं बोटं तशीच राहू दिली.

"शहाणी आहेस," ती म्हणाली.

पौडला उतरून पिरंगुटची एसटी मिळेपर्यंत, आणि एसटीतही बसल्यावर, पोरीनं एकदाही पाणी मागितलं नाही. ओठ सुकलेले दिसत होते. स्वरदानं बाटली पुढे केली, तेव्हा तिनं आधी विचारलं, "घेऊ?"